फुलीची जागा

नाना, आज दुपारपासून माझं कशातच लक्ष नाही. तीन वेळा शटर अर्धं ओढलं आणि तीनदा पुन्हा वर केलं. पोरगी घरी गेली. जाताना म्हणाली, चला पप्पा, तर मी म्हणालो, तू हो पुढे, मला जरा लिहायचंय. तिला हसू आलं. मला लिहिताना तिने कधी पाहिलंय? गिऱ्हाइकाची चिठ्ठीसुद्धा तीच लिहिते. मग त्याच चिठ्ठ्यांचं पॅड उलटं केलं आणि स्टुलावर बसलो. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा हे लिहून टाकायचं कुठे, हा प्रश्न आहेच. तो नंतर बघू. आधी सांगायचं ते सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तुमच्या गॅरेजात असताना तुमच्या पाठीमागे मी एक गोष्ट करत होतो. एकदा नाही, चांगली दोन वर्षं. ती तुम्हाला कळली होती की नाही, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात वळवळतोय. बायकोला सांगितलं नाही, पोरीलाही नाही. आज जेवून गॅरेजात परत आलो आणि त्याचं उत्तर मिळालं. उत्तर मिळालं की माणूस शांत होतो म्हणतात. कसलं काय, मी उलट जास्तच तळमळतोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, आणि धुळ्यातल्या मालकाशी भांडून पाना फेकून निघालो होतो. पाना त्याच्या पायाजवळ पडला, पायावर नाही, हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. जळगावात शंभर सीसीच्या नव्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, शिवणयंत्रासारख्या आवाजाच्या, आणि जो तो म्हणायचा की आता जुन्या फटफट्या भंगारात. तुमच्या दारात मात्र जुन्याच गाड्यांची रांग. तुमच्या डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट आणि वरच्या खिशात खडू. मला आधी वाटलं, हे कोणी शाळामास्तर आपली गाडी दुरुस्त करून घ्यायला आलेत. तुम्ही नाव-गाव काही विचारलं नाहीत. एक गाडी चालू होती. कोपऱ्यातला हातभर लांब पेचकस माझ्या हातात दिलात आणि मानेनेच खुणावलंत. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, की बाहेरचा गलका मागे पडतो आणि आतलं एकेक अंग वेगळं बोलायला लागतं, एवढं मला येत होतं. मी ऐकलं आणि म्हणालो, "टॅपेट शे." तुम्ही टोपी मागे सारलीत आणि म्हणालात, आमच्या असोद्याकडे हाये म्हणतात, हे शे कुठून आणलं? त्या दिवसापासून मी तुमच्या गॅरेजात 'शेवाला' झालो. चहावालासुद्धा विचारायचा, शेवाल्याचा चहा कुठे ठेवू?

तुमची कामाची पद्धत जगावेगळी होती, नाना, आणि मला आधी ती चक्क नाटक वाटली. सकाळी गाडी आली की थंड इंजिनाला किक मारायची, पहिला आवाज पेचकसाने ऐकायचा, मग तापल्यावर पुन्हा ऐकायचा. वर हेडवर, मध्ये सिलिंडरवर, खाली क्रँकच्या पेटीवर. मग इंजिन बंद करायचं. जिथे दुखणं, तिथलं तेल-काजळी पेट्रोलच्या फडक्याने पुसून जागा लख्ख करायची, कारण तेलकट लोखंडावर खडू उठत नाही, आणि तिथे एक फुली मारायची. बास. गिऱ्हाइकाशी चर्चा नाही, आमच्याशी तर नाहीच. गरम इंजिनाला पाना लावायचा नाही, म्हणून गाडी जेवण होईपर्यंत तशीच थंड होत राहायची, आणि दुपारी तुम्ही फुली असेल तिथेच खोलायचात. फुली सोडून दुसऱ्या जागी पाना लावायचा नाही, हा तुमचा नियम आणि तो तुम्हालाही लागू. यावल-रावेरकडून लोक गाडी ढकलत आणायचे ते त्या फुलीसाठी. एकदोन महाभाग तर असे, की फुली मारून घ्यायचे, आलोच म्हणून गाडी काढायचे आणि दुसऱ्या गॅरेजात जाऊन तिथे खोलून घ्यायचे. मला संताप यायचा. तुम्ही म्हणायचात, जाऊ दे, फुली तर खरी निघाली ना? तुम्हाला तेवढंच पुरायचं.

आता ती दुपार सांगतो, जिथून हे सुरू झालं. गॅरेजच्या मागे तुमचं घर, आणि थंडीच्या दिवसांत तुमच्या मंडळी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, मला डबा उघडू देत नसत. मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलोय. ताटात भरीत आहे, त्यावर कांद्याची पात आणि कच्चं तेल, आणि कळण्याची भाकरी. तुमच्या पाठीशी हाताच्या अंतरावर स्टोवर डाळीचा कुकर आहे. अक्का मागच्या अंगणात भांडी घासायला जाताना तुम्हाला सांगून गेल्यात, तीन शिट्ट्या झाल्या की स्टो बंद करा. तुम्ही मला तुमच्या तरुणपणी कुणा गिऱ्हाइकाची गाडी तापीच्या वाळूत रुतली होती ते सांगताय. पहिली शिट्टी होते, दुसरी, तिसरी. तुम्ही घास मोडताय. चौथी होते. मला वाटतं, गोष्ट रंगलीय, थांबतील. पाचवी. तुमचा चेहरा तसाच, भुवई हलत नाही. सहाव्याला मी उठलो आणि स्टो बंद केला. तुम्ही वर पाहिलंत. "झाल्या का तीन?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्ताच झाली तिसरी." मागच्या दारात अक्का ओल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांनी सहाच्या सहा मोजल्या होत्या.

हात धुवायला मी नळावर गेलो तेव्हा अक्का तांब्या घेऊन जवळ आल्या. आजवर मला माहीत असलेल्या अक्का या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "त्यायले बारीक आवाज येत नही आता. मोठा येतो. कोणाले बोलू नको." मी मान हलवली. तशा पुन्हा म्हणाल्या, "लोक गाडी दाखवायले नही येत रे भाऊ, फुली पाहायले येतात. ती चुकली तर हा माणूस खचून जाईल. तुले ऐकू येतं. जरा पाहत जा." पाहत जा म्हणजे काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण मग मागचं एकेक आठवायला लागलं. मी बोलायचो तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. रविवारी सकाळी सगळा मोहल्ला टीव्हीपुढे असायचा, तेव्हा तुम्ही मात्र गॅरेज उघडायचात आणि म्हणायचात, त्या डबड्यात काय ठेवलंय. पेचकस हल्ली दोन्ही कानांना लावून बघायचात. आयुष्यभर लोखंडाला कान लावला, त्याची किंमत कानाने चुकती केली, एवढाच त्याचा अर्थ होता. पण तेव्हा मला तो कळला नाही. तुमचा कान गेला तर तुमच्याजवळ राहतं काय, असं मला वाटलं. मूर्ख होतो.

त्यानंतर आठवडा गेला असेल नसेल. एका हायस्कूलच्या मास्तरांची गाडी आली. जुनी साडेतीनशेची, मास्तरांपेक्षा दोनतीन वर्षांनीच लहान. किक मारली आणि मला दहा फुटांवरून ऐकू आलं, वर हेडमध्ये टिकटिक टिकटिक, टॅपेटपेक्षा जरा जाड. रॉकरचा बुश खाल्लेला, दुसरं काही नाही. तुम्ही पेचकस वर लावलात, मध्ये लावलात, खाली लावलात. खाली जास्त वेळ थांबलात. मास्तर बाजूला उभे राहून म्हणत होते, ठकठक होतं हो नाना, ठकठक. तुम्ही खालची पेटी पुसलीत आणि क्रँकवर फुली मारलीत. क्रँक खोलायचा म्हणजे अख्खं इंजिन गाडीतून उतरवायचं, पेटी फोडायची, आणि आत सगळं ठणठणीत निघालं तर काय तोंड दाखवायचं? मास्तर गावभर बोलणारा माणूस, वर्गातही सांगितलं असतं. तुम्ही जेवायला आत गेलात. मी आलोच म्हणालो आणि गॅरेजात मागे राहिलो.

मी शपथेवर सांगतो, मी आधी पाच मिनिटं नुसता उभा होतो. मग फडकं घेतलं, फुली पुसली. पुसली तर काय, तुम्ही पेट्रोलने लख्ख केलेली जागा तशीच चमकतेय, चार आण्याच्या नाण्यासारखी. म्हणून ग्रीसच्या डब्यात अंगठा बुडवला आणि तिच्यावर फासला. मग वर हेडवर तशीच जागा पुसून तुमच्यासारखी फुली मारली, एक रेघ लांब, दुसरी तोकडी. जेवताना अर्धी भाकरी ताटातच ठेवली. अक्कांनी विचारलं, बरं नाही का? तुम्ही परत आलात, गाडीजवळ उकिडवे बसलात आणि बसूनच राहिलात. मग हातातल्या फडक्याने खालच्या पेटीवरचं थोडं ग्रीस पुसलंत. मी म्हटलं, नानांना घाण चालत नाही. मग वर हात घातलात आणि हेड खोललंत. रॉकरचं टोक वाळवीने खाल्ल्यासारखं झालं होतं, बुश हातात खुळखुळत होता. तुम्ही तो बुश तळहातावर ठेवून म्हणालात, "निघालं बरोबर." मी, मोठा शहाणा, म्हणालो, "तुमची फुली कधी चुकली का, नाना?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा जास्त वेळ पाहिलंत. मला वाटलं, तुम्ही माझे ओठ वाचताय.

तिथून सवय लागली. सगळ्याच गाड्यांना नाही. जाड आवाज तुम्हाला बरोबर कळायचे, तिथे तुमची फुली जागच्या जागी असायची. पण टॅपेट, टायमिंग चेन, रॉकर, असलं वरचं बारीकसारीक दुखणं आलं की जेवणाच्या वेळी माझा अंगठा ग्रीसच्या डब्यात. पहिले दोनतीन महिने भीती वाटायची. मग, खरं सांगतो नाना, मजा वाटायला लागली. लोक तुमच्या पाया पडायचे आणि मी मनात म्हणायचो, पडा, पडा, ज्याच्या पडायला हवं तो इथे प्लग घासतोय. घरी बायकोशी तोऱ्यात बोलायला लागलो. ती आमची धुळ्याची, देवपुरातली. एकदा म्हणाली, "तू काय मालक शे का तठला?" मालक नव्हतो, पण गॅरेज मीच चालवतोय असं मला वाटत होतं. तुम्हाला सांभाळतोय, या नावाखाली मी दोन वर्षं स्वतःवर खूश होतो. हे लिहायला आज मला तीन वेळा पेन खाली ठेवावं लागलं.

मग तो केळीचा व्यापारी. सकाळी गाडी टाकली आणि म्हणाला, संध्याकाळी पाहिजे, घरच्यांना मागे बसवून मुक्ताईनगरला दर्शनाला जायचंय. बायको आणि चार वर्षांची मुलगी. किक मारली तर सिलिंडरमध्ये पिस्टन असा खडखडत होता की पलीकडच्या दुकानातला शिंपी बाहेर आला. कुणीही सांगितलं असतं. तुम्ही ऐकलंत, आणि क्रँकवर फुली मारलीत. मी मनात हसलो. जेवणाआधीच उरकलं, खालची पुसली, ग्रीस फासलं, सिलिंडरवर मारली. तुम्ही जेवून आलात. उकिडवे बसलात. आणि त्या दिवशी पहिल्यांदा फुलीपाशी पाना लावला नाहीत. फडक्याने सिलिंडरवरची फुली पुसलीत, म्हणालात, "सुरू कर." मी किक मारली. तुम्ही पेचकस घेतलाच नाहीत. तळहात खालच्या पेटीवर ठेवलात, डोळे मिटलेत, आणि दुसऱ्या हाताने मला गॅस वाढव, कमी कर अशी खूण करत राहिलात. हात भाजत असेल, पण काढला नाहीत. मग इंजिन बंद करायला लावलंत, खडू काढलात आणि सकाळच्याच जागी पुन्हा फुली मारलीत.

इंजिन उतरवलं, पेटी फोडली. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचे रोलर खड्डे पडून पापुद्रे निघालेले, रॉड हाताने वरखाली हलत होता. मुक्ताईनगर लांब राहिलं, भुसावळच्या अलीकडेच रॉड तुटून मागचं चाक जागीच जाम झालं असतं. मागे बायको आणि मधे मुलगी. पिस्टनही झिजला होता, माझा कान खोटा नव्हता, पण वरचा आवाज मोठा म्हणून मी खालचा ऐकलाच नव्हता. तुम्ही एक रोलर माझ्या तळहातावर ठेवलात आणि माझी मूठ मिटलीत. "कानाले लई मोठं समजू नको," म्हणालात. "हातालेबी ऐकू येतं." एवढंच. क्रँक घेऊन लेथवाल्याकडे मलाच पाठवलंत, नवा रॉड, पिन, रोलर बसवून मीच आणला, आणि व्यापाऱ्याची यात्रा चार दिवस पुढे गेली. त्याने आदळआपट केली, तर तुम्ही त्याच्याही हातात एक रोलर दिलात. मी मात्र स्वतःची समजूत घातली, की नानांचं मन बदललं, सुदैव. सकाळी फुली कुठे मारली ते त्यांना आठवत नसेल, म्हातारपण. महिनाभर मी खडूला हात लावला नाही. मग पुन्हा सुरू.

आणि एक दिवस, कामात काही चूक नाही, भांडण नाही, तुम्ही म्हणालात, आता धुळ्याला जा, स्वतःचं गॅरेज टाक. मला वाटलं, हाकलताय. नवीन गाड्यांमुळे काम कमी झालंय, ते तोंडावर सांगवत नाही म्हणून हे गोड बोलणं. मी दोन दिवस जेवायला आत आलो नाही, अक्कांशीही धड बोललो नाही. निघायच्या दिवशी तुम्ही तो लांब पेचकस वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात. तुमचा एकुलता एक पेचकस. वर खडूचा नवा कोरा डबा. म्हणालात, "आता तुझ्या फुल्या तू मार." मी पाया पडलो, डोळे भरून आले, आणि एसटीत बसल्यावर कोणीतरी आशीर्वाद दिल्याच्या ऐटीत तो डबा मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत आलो. अहो, केवढा गाढव असावा माणूस!

मी निघून आल्यावर काय झालं ते मला अक्कांकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. दहाव्याला मी नदीवर उभा होतो. मनात म्हणत होतो, कावळा नाही शिवला तर इथेच सगळ्यांसमोर बोलून टाकीन, खडूचं काय ते. पण पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा उतरला. तुमचं काही अडलेलं नव्हतं. परत आल्यावर अक्का म्हणाल्या, तू गेलास त्याच आठवड्यापासून यांनी गिऱ्हाइकांना सरळ सांगायला सुरुवात केली, की मला बारीक आवाज येत नाही, मी हाताने पाहतो, वरचं काही असेल तर दुसऱ्याकडे जा. मी विचारलं, मग लोक? अक्का म्हणाल्या, येत होते की. बारीक कामाची गाडी हेच चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवायचे. लोक शेवटपर्यंत आले. मी तिथेच ओटीवर बसून राहिलो. ज्या नावासाठी मी दोन वर्षं ग्रीस फासत होतो, ते तुम्ही उघड्यावर टाकून दिलंत आणि ते तसंच राहिलं. आणि तरीही मला वाटत राहिलं, माझं काही तुम्हाला कळलं नसेल. मी फार सफाईने करायचो.

आता आजचं. देवपुरात माझं गॅरेज आहे, तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही एकदा येऊन चहा पिऊन गेलात. तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. ती आता माझ्याबरोबर काम करते. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी धरली, सोडली, म्हणाली मला ऑफिसात बसवत नाही. कान असा, की रस्त्यावरून गेलेल्या गाडीची चेन ढिली आहे हे पाठमोरी सांगते. आज सकाळी एक डॉक्टर आपल्या आजोबांची फटफटी घेऊन आला, हौसेने जपलेली, आणि म्हणाला आवाज येतोय. मी पेचकस काढला, तुमचाच. वर, मध्ये, खाली. पेटीवर एक जागा पुसली, फुली मारली, जेवायला गेलो. परत आलो तर फुली वर, हेडवर. एक रेघ लांब, दुसरी तोकडी, अगदी माझी. आणि खाली, सकाळी मी पुसून लख्ख केलेल्या जागेवर, ग्रीसचा एक अंगठा. सगळी पेटी धुळीने करडी आणि मधोमध तो ओला काळा ठसा. आंधळ्यालाही दिसला असता, नाना. मला असं वाटलं, की तो माझाच अंगठा आहे आणि मी तुमच्या जागी उकिडवा बसलोय.

आधी राग आला. कानशिलं तापली. ही कोण मला शिकवणारी, कालची पोर, असं अगदी जिभेवर आलं. मग लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. ती कोपऱ्यात पाठ करून प्लग घासत होती, आणि प्लग केव्हाचा चमकत होता. माझ्या हाताने आपोआप फडकं घेतलं आणि तो ठसा पुसला. पुसताना कळलं, हेच तुम्ही केलं होतंत. पहिल्याच दिवशी. मास्तरांच्या गाडीवर. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर बसून भरीत-भाकरी खाल्लीत, आणि तुमच्या घशात काय अडकलेलं असायचं ते मला आज, एवढ्या वर्षांनी, तीन मिनिटांत कळलं. मी हेड खोललं. रॉकरच होता. पोरीने चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "निघालं बरोबर." ती म्हणाली, "मग? फुली कोणाची आहे!" आणि लाडाने माझ्या खांद्यावर थापटलं. मी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. तीच म्हणाली, काय झालं पप्पा?

काही नाही म्हणालो. चार वाजता समोरच्या दुकानातून खडूचा डबा आणला. तिला हाक मारायची, डबा आणि पेचकस तिच्या हातात द्यायचा, तुम्ही म्हणालात ते वाक्य म्हणायचं, एवढं साधं काम. दोनदा हाक मारली. पहिल्यांदा विचारलं, दहा-अकराचा पाना कुठे आहे. दुसऱ्यांदा विचारलं, उद्या किती गाड्या आहेत. मग ती घरी गेली.

आणि एक राहिलंय. सकाळी पेचकस कानाला लावला तेव्हा मला वरचं, मधलं, खालचं, काहीच ऐकू आलं नव्हतं. हाताने बघायला हवं होतं, तुम्ही शिकवलं होतं. पण ती शेजारीच उभी होती, आणि मी हात लावून बघतोय हे तिने पाहावं असं मला वाटेना. म्हणून मी नुसतीच मारली फुली, कुठेतरी मारायची म्हणून. डबा ड्रॉवरमध्ये आहे. हे कागद त्याच्याखाली ठेवतो. तुम्हाला दोन वर्षं लागली होती, नाना. मलाही जरा वेळ द्या.